क्रॉस-कंट्री स्कीइंग : लखनऊहून औली की गुलमर्ग?

लखनऊच्या महानगर भागातून हिमालयाकडे निघणाऱ्या पर्यटकासमोर स्कीइंगसाठी प्रामुख्याने दोन नावे येतात, उत्तराखंडातील औली आणि काश्मीरमधील गुलमर्ग. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड राज्य अस्तित्वात येईपर्यंत औली उत्तर प्रदेशातच होते. त्यामुळे लखनऊकरांना ते आजही जवळचे वाटते. मात्र क्रॉस-कंट्री प्रकारासाठी ठिकाण निवडताना जवळीक किंवा प्रसिद्धी यांपेक्षा जमिनीची ठेवण अधिक महत्त्वाची ठरते.

प्रकारातील फरक

अल्पाइन स्कीइंगमध्ये खेळाडू पाळण्याने वर जाऊन तीव्र उतारावरून खाली येतो. क्रॉस-कंट्रीमध्ये तो स्वतःच्या बळावर बर्फावरून लांब अंतर कापतो. यातील स्की अरुंद व हलक्या असतात. बुटाचा केवळ पुढचा भाग त्यांना जोडलेला असून टाच मोकळी राहते. म्हणून या प्रकाराला सपाट किंवा सौम्य चढउताराची, सलग बर्फाची भूमी लागते. १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून त्याचा समावेश आहे. स्वीडनमध्ये १९२२ पासून होणारी वासालोपेट ही शर्यत ९० किलोमीटरची असते.

औली

औली सुमारे २५०० ते ३००० मीटर उंचीवर आहे. लखनऊहून रेल्वेने हरिद्वार आणि तेथून रस्त्याने ऋषिकेशमार्गे जोशीमठ असा प्रवास करावा लागतो. ऋषिकेश ते जोशीमठ हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. येथील उतार मुख्यतः अल्पाइन प्रकारास अनुकूल आहेत. वरच्या बाजूस असलेले गोरसोन बुग्याल हे कुरण सौम्य चढउताराचे आहे, पण तेथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे आरक्षणापूर्वी रोपवे, रस्ता आणि निवास यांची चौकशी करणे आवश्यक आहे.

गुलमर्ग

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. वाडग्यासारख्या आकाराचे हे विस्तीर्ण कुरण क्रॉस-कंट्रीसाठी अधिक योग्य आहे. २०२० पासून येथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत या प्रकाराच्या शर्यती गोल्फ मैदानाच्या परिसरात झाल्या आहेत. प्रशिक्षणासाठी भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था येथे आहे. लखनऊहून दिल्लीमार्गे विमानाने श्रीनगर गाठता येते. ६ जून २०२५ रोजी कटरा–श्रीनगर वंदे भारत गाडीचे उद्घाटन झाल्याने रेल्वेचा पर्यायही खुला झाला आहे.

बर्फ आणि सुरक्षितता

जानेवारीत बर्फ असेलच, असे आता गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बराच काळ कोरडी होती. २०२५ मध्ये बर्फाअभावी तेथील स्पर्धा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्यामुळे फेब्रुवारीचा काळ निवडून तारखा बदलता येतील असे तिकीट घेणे हिताचे ठरते.

उलटपक्षी, मोठ्या हिमवर्षावानंतर हिमस्खलनाचा धोका वाढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका विदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. प्रशासनाने जाहीर केलेला हिमस्खलनाचा इशारा रोज पाहावा व आखलेली वाट सोडू नये. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती, हेही ध्यानात घेऊन निघण्यापूर्वी शासकीय सूचना तपासाव्यात.

लखनऊ समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीवर आहे. एका दिवसात अडीच हजार मीटर वर गेल्यावर दम लागणे, डोके दुखणे संभवते. पहिला दिवस विश्रांतीसाठी ठेवावा. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच प्रवास ठरवावा.

एकूण विचार करता, नवशिक्यांनी क्रॉस-कंट्रीसाठी गुलमर्गला प्राधान्य द्यावे. उतारावरील स्कीइंग शिकण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी औली हा योग्य पर्याय आहे.