काहिलीचा तळ आणि उष्णतेचे गणित

बारामती आणि इंदापूर हे तालुके मूळचे अवर्षणाचे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदण्यात आला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या जमिनीवर खेळू लागले आणि ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. उसामागोमाग गुऱ्हाळे आली. पुढे १९३२ साली साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला व त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना सुरू झाला.

गुळव्या काय किंवा कारखानदार काय, दोघांपुढील प्रश्न एकच: धातूच्या भिंतीतून रसात उष्णता न्यावयाची, आणि तीही थोडक्या जळणात. काहिलीतील रस दाटू लागला की गुळव्या तो सारखा ढवळीत असतो. हात थांबला की रस तळाला लागतो व गूळ करपतो. वरचा रस खळखळत असता तळचाच का जळावा?

या कोड्याची उकल परदेशी झाली. १८७४ साली मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी बॉयलरच्या तापणाऱ्या पृष्ठभागाविषयी एक विचार मांडला. प्रवाहातील ज्या भोवऱ्यांमुळे भिंतीशी घर्षण होते, तेच भोवरे उष्णताही वाहून नेतात. तेव्हा एकावरून दुसरीचा अंदाज बांधता यावा. वायूंच्या बाबतीत हे पुष्कळसे जुळले; दाट द्रवांच्या बाबतीत मात्र फसले.

त्याचे कारण १९१० मध्ये जर्मनीत प्रांट्ल यांनी व पुढे १९१६ मध्ये इंग्लंडात टेलर यांनी दाखविले. प्रवाह कितीही खवळलेला असो, भिंतीला बिलगून एक अत्यंत पातळ थर राहतोच. तेथे भोवरे निमतात आणि उष्णतेला कणाकणाने वाट काढावी लागते. द्रव जितका दाट, तितका उष्णतेचा अडसर या थरात एकवटतो. गुळव्याचे ढवळणे नेमका हाच थर मोडते. कारखान्यात नळ्यांतून वेगाने रस ढकलतात, तोही हाच थर पातळ करण्यासाठी. थर आणि मुक्त प्रवाह यांच्यामधील संक्रमणाचा पट्टा १९३९ साली फॉन कार्मान यांनी हिशेबात घेतला.

संगणक आल्यावर या प्रकरणी एका मराठी माणसाचे नाव जोडले गेले. १९४१ साली पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर येथेच अभियांत्रिकी शिकले व लंडनच्या इंपीरियल कॉलेजात स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. भिंतीलगतच्या प्रवाहातील उष्णतेचे गणित सोडविण्याची रीत त्या दोघांनी १९६७ साली ग्रंथरूपाने मांडली. १९७४ मध्ये लाँडर व स्पॉल्डिंग यांनी भिंतीजवळच्या सूक्ष्म थराचे सबंध गणित टाळून, तेवढ्या अंतरावर एका सूत्राचा पूल टाकण्याची युक्ती रूढ केली.

परंतु हा पूल सर्वत्र टिकत नाही. प्रवाह भिंतीपासून सुटला, किंवा तळाशी बुडबुडे उठू लागले, की साधे सूत्र चुकू लागते. काहिलीत नेमके तेच घडत असते. म्हणूनच गुळव्याच्या काहिलीचे गणित आजही नळीतील रसाच्या गणिताहून कठीण आहे.