पहिल्या ट्रायथलॉनपूर्वीचे अखेरचे तीन आठवडे

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ पूर्ण करण्याची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. कुस्ती आणि फुटबॉल यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत या खेळाने चांगलेच मूळ धरले आहे. शिवाजी विद्यापीठानजीकच्या राजाराम तलावावर ११३ किलोमीटर अंतराच्या ट्रायथलॉन भरल्या आहेत. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात भारतातील पहिली 'आयर्नमॅन ७०.३' शर्यत झाली आणि आंतरराष्ट्रीय मालिकेतील शर्यतीसाठी परदेशी जाण्याची गरज उरली नाही. कोल्हापूरहून पणजी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. साहजिकच डॉक्टर, उद्योजक, शिक्षक, पोलिस अशा नोकरी-व्यवसाय सांभाळून सराव करणाऱ्यांचा ओढा या खेळाकडे वाढला. महिनोन्महिने पहाटे उठून केलेल्या या मेहनतीचे फळ पदरात पडणे वा न पडणे बऱ्याच अंशी शर्यतीपूर्वीच्या अखेरच्या तीन आठवड्यांवर अवलंबून असते.

अंतर आणि मुदत

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा उगम हवाई बेटांवरील. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ स्पर्धकांनी पहिली 'आयर्नमॅन' शर्यत सुरू केली. १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेता गॉर्डन हॉलर याला ११ तास ४६ मिनिटे लागली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे तेव्हापासूनचे पूर्ण अंतर. अभिनेता मिलिंद सोमण याने २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिच येथे हे अंतर पार केले, तेव्हा महाराष्ट्रात या शर्यतीचे नाव घरोघरी पोहोचले.

नवोदितांची पहिली पायरी मात्र बहुधा याच्या निम्म्या अंतराची असते : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, एकूण ११३ किलोमीटर. हेच अंतर मैलांत ७०.३ भरते. त्यासाठी साधारणपणे साडेआठ तासांची मुदत असते. त्यातही पोहण्यासाठी एक तास दहा मिनिटांच्या आसपासची स्वतंत्र मुदत असते व ती चुकल्यास स्पर्धक तेथेच बाद होतो.

सराव कमी का करायचा?

तालमीच्या शहराला मेहनतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. विश्रांतीचे मात्र सांगावे लागते. सरावाने शरीरात क्षमता आणि थकवा या दोन्ही गोष्टी साठत जातात. क्षमता सावकाश ओसरते, थकवा लवकर ओसरतो. त्यामुळे शर्यतीपूर्वी सराव बेताने कमी केल्यास क्षमता जवळजवळ तशीच राहते आणि थकवा उतरतो. या टप्प्याला 'टेपरिंग' म्हणतात.

लॉरें बॉस्के व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विषयावरील २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे दोन आठवड्यांच्या कालावधीत सरावाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, मात्र सरावाची तीव्रता आणि आठवड्यातील सत्रांची संख्या कमी करू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा रीतीने होणारी सुधारणा दोन-तीन टक्क्यांची असते. सात तासांच्या शर्यतीत दोन टक्के म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. मुदतीच्या काठावर असलेल्या नवोदितासाठी ही आठ मिनिटे निर्णायक ठरू शकतात.

अखेरच्या पंधरवड्यात केलेल्या जादा मेहनतीचा लाभ शर्यतीच्या दिवसापर्यंत शरीराला क्वचितच मिळतो. तिचा थकवा मात्र नक्की मिळतो. तरीही नवोदित हमखास येथेच चुकतो. सराव कमी होताच पाय जड वाटू लागतात, जुनी दुखणी डोके वर काढल्यासारखी भासतात, झोप चाळवते. 'आपली तयारी उतरली' या भीतीने तो शर्यतीच्या आठ दिवस आधी पुन्हा २० किलोमीटर धावून येतो. ही लक्षणे बहुतेकांना जाणवतात आणि ती तयारी उतरल्याची खूण नसते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आठवड्यांचा आराखडा

आठवड्याला १२ तास सराव करणाऱ्याचे उदाहरण घेतल्यास तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी शेवटची लांब सत्रे उरकावीत : ८० ते ९० किलोमीटर सायकल आणि उतरल्यावर लगेच सहा-आठ किलोमीटर धावणे. सायकलवरून उतरून धावताना पाय परके वाटतात, त्यांची सवय याच सत्रात होते. त्यानंतर त्या आठवड्यात आठ-नऊ तास, पुढील आठवड्यात सहा-सात तास आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत वगळून तीन-चार तास, अशी उतरण ठेवावी. प्रत्येक सत्र लहान होते, पण त्यात शर्यतीच्या वेगाची काही मिनिटे राहिलीच पाहिजेत.

पन्हाळा आणि जोतिबाचे चढ कोल्हापूरच्या सायकलपटूंची हक्काची शाळा आहेत. अखेरच्या दोन आठवड्यांत मात्र या चढांवर जोर आजमावू नये. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि उसाचा गळीत हंगामही याच सुमारास सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसतानाही रस्त्यावर असतात. म्हणून लांब सत्रे उजाडल्यावर, गटाने आणि सायकलला दिवे लावूनच करावीत. सायकलची दुरुस्ती शर्यतीच्या किमान दहा दिवस आधी करून घ्यावी, म्हणजे नव्या केबल वा ब्रेकमधील दोष सरावातच लक्षात येतात. पंक्चर काढण्याची तालीमही याच काळात करावी.

तलाव, तरण तलाव आणि समुद्र

बहुतेक नवोदित तरण तलावात पोहणे शिकलेले असतात. उघड्या पाण्यात तळाची रेघ नसते, दम खाण्यासाठी भिंत नसते आणि शेजारच्याचा हातपाय लागतो. दर आठ-दहा हातांनंतर डोके किंचित वर काढून दिशा पाहण्याची सवय करावी लागते, नाही तर १.९ किलोमीटरचे अंतर सहज दोन किलोमीटरच्या पुढे जाते. गोव्यात मिरामारच्या समुद्रात लाटा आणि खारे पाणी असते. ते अंग तरंगते ठेवते, पण नाकातोंडात गेल्यास मळमळ होते. पाण्याचे तापमान २४.५ अंशांहून अधिक असल्यास हौशी स्पर्धकांना वेटसूट घालून स्पर्धा करता येत नाही. गोव्याचे पाणी याहून उबदार असल्याने वेटसूटच्या आधाराविनाच सराव हवा.

धोक्याचा भागही हाच आहे. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या १३५ मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बळींमध्ये पुरुषांचे प्रमाण मोठे होते. म्हणून तलावात एकट्याने कधीही उतरू नये. कमरेला तरंगता फ्लोट, चटक रंगाची टोपी आणि काठावर वा होडीत लक्ष ठेवणारा जाणकार असावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी हृदयतपासणी सरावाच्या आरंभीच करून घ्यावी, अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये.

उष्मा आणि आहार

दमट उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. थंड पहाटेच सराव करणाऱ्याने या काळात काही लहान सत्रे उन्हे चढल्यावर करावीत. घामाच्या भीतीने ढसाढसा पाणी पिणेही घातक ठरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली आढळले होते. तहानेनुसार, मीठयुक्त पेय घ्यावे. शर्यतीत ताशी ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटाला झेपतात की नाही, हे आधीच्या लांब सत्रांत पडताळून पाहावे.

शर्यतीपूर्वीच्या दोन दिवसांत स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा भरायचा असतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला त्यासाठी दिवसाला ५०० ते ६०० ग्रॅम कर्बोदके लागतात. अर्धा किलो कच्च्या तांदळात ती सुमारे ४०० ग्रॅम असतात, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. भात, बटाटा, केळी, गूळ हे ओळखीचे पदार्थ पुरेसे आहेत. तांबडा रस्सा, मिसळ आणि उसळी यांना शर्यतीनंतर स्थान द्यावे. या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढते. ते साठ्यासोबत येणारे पाणी असते, चरबी नव्हे.

सणांचा हिशेबही आधी मांडावा लागतो. २०२४ मध्ये गोव्याची शर्यत २७ ऑक्टोबरला होती आणि दसरा १२ ऑक्टोबरला. म्हणजे शेवटची मोठी सत्रे नेमकी नवरात्रात आली. नऊ दिवस कडक उपवास आणि लांब सराव यांचा मेळ बसत नाही. उपवास करायचाच तर सरावाभोवती पुरेसा फराळ हवा आणि लांब सत्र नवरात्रापूर्वी उरकावे.

माघार केव्हा घ्यावी?

पावसाळा सरता सरता डेंग्यू आणि विषाणूजन्य तापाची साथ असते. ताप, अंगदुखी, छातीत कफ असताना सराव पूर्ण बंद ठेवावा. अशा आजारात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि जोराच्या श्रमाने जिवावर बेतू शकते. ताप जाऊन थोडेच दिवस झाले असतील, श्रमाने छातीत दुखत असेल वा भोवळ येत असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीविना पाण्यात उतरू नये. प्रवेशशुल्क, सायकल, महिन्यांचा सराव आणि नातेवाइकांना दिलेली वार्ता या साऱ्यांचे दडपण अशा वेळी मोठे असते. आजारातून पूर्ण बरे झालेल्याला पुढच्या हंगामाची शर्यत खुली असते आणि तोवर कमावलेल्या तयारीतील बराच भाग त्याच्या गाठीशी असतो.

शर्यतीच्या आठवड्यात नवे बूट, नवा पोशाख, नवे पेय यांपैकी काहीही वापरू नये. आदल्या रात्री झोप लागेलच असे नाही, म्हणून त्याआधीच्या तीन-चार रात्री पुरेशी झोप घ्यावी. पहाटे शर्यत सुरू होण्याच्या दोन-तीन तास आधी नेहमीची हलकी न्याहारी करावी आणि पोहण्याचा आरंभ सरावातील वेगापेक्षा किंचित सावकाश करावा.