हवेचे अदृश्य वंगण : नीराकाठच्या चरकापासून अवकाशापर्यंत

१. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्याचा इतिहास सांगताना कालवा येतो, भांडवल येते, सहकार येतो, राजकारण तर येतेच. एक पात्र मात्र हटकून निसटते : हवा. एकमेकांवर घासणारे दोन धातू किती अडतील आणि किती झिजतील, हे केवळ धातू आणि वंगण ठरवीत नाहीत. भोवतालच्या हवेतील ऑक्सिजन आणि ओलावाही ते ठरवतात. या दुर्लक्षित पात्राचा हा इतिहास.

२. सुरुवात लाकडापासून. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. १८७६-७७च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला आणि १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली. जुन्या गुऱ्हाळात बाभळीच्या लाटांचा चरक असे. शेजारी उभ्या राहून उलट दिशांनी फिरणाऱ्या या लाटांना नवरा-नवरी म्हणत. बैल फिरत, लाटा करकरत, रस काहिलीत जाई.

३. लाकडी चरक अवजड होता आणि उसात बराच रस मागे ठेवी. १८७०च्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी बैलांनी चालणारा लोखंडी चरक तयार केला. लोखंडी चरकांचा प्रसार मग देशभर झाला. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातही नांगरांबरोबर उसाचे चरक तयार होऊ लागले. रस वाढला, पण लाकडाला कधी न भेटलेला एक शत्रू चरकाला येऊन चिकटला : गंज.

४. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ ते ५.५. हे आम्ल आणि हवेतील ऑक्सिजन मिळून लोखंडावर ठिसूळ थर तयार करतात. पुढचा ऊस तो थर खरवडून नेतो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि त्यावर पुन्हा थर धरतो. नुसता गंज स्वतःच्याच थराखाली मंदावला असता, नुसते घर्षण इतके खोल गेले नसते. दोघे एकत्र आले की नुकसान त्यांच्या बेरजेहून अधिक होते.

५. आता प्रमाण बदलते. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला. तेच वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने आले. बैलांच्या चरकाची जागा टनावारी वजनाच्या रोलरांनी घेतली.

६. कारखान्यातील गिरणीत तीन रोलरांचा एक संच असतो आणि असे अनेक संच ओळीने असतात. पोलादी दंडावर ओतीव लोखंडाचे कवच, वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब, आणि मिनिटाला अवघे काही फेरे. दंड फिरतो तो बहुधा काशासारख्या तांबेमिश्रित धातूच्या बेअरिंगमध्ये. वेग इतका कमी आणि दाब इतका प्रचंड की तेलाचा अखंड थर टिकणे अवघड. बऱ्याच ठिकाणी धातू धातूला टेकतोच.

७. पण बेअरिंग अडकले, तर? तोडलेला ऊस थांबत नाही. त्यातील साखर तासागणिक घटते, वजन घटते. गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात, शेतकऱ्याचे उत्पन्न आणि तोडणी कामगारांचे दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून ‘टेकलेले धातू एकमेकांना चिकटत का नाहीत?’ हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. त्याचे उत्तर मात्र फार उशिरा सापडले.

८. घर्षणाचे अभिजात नियम जुने आहेत. गिलोम आमोंतों या फ्रेंच अभ्यासकाने १६९९ साली आणि शार्ल कुलाँ याने १७८०च्या दशकात ते मांडले : घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभागाच्या आकारमानावर अवलंबून नसते. कुलाँने तर हवामानाचा परिणामही विचारात घेतला होता. तरीही पुढची शंभर-दीडशे वर्षे घर्षण म्हणजे प्रामुख्याने उंचवट्यांत उंचवटे अडकणे, असेच मानले गेले.

९. १९२७ साली इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत टॉमलिन्सन यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. घट्ट टेकलेल्या दोन पोलादी पृष्ठभागांत डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म हालचाल होत राहिली, तरी तेथे तांबूस भुकटी जमते. ही भुकटी म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. ती कुठल्याही फिटरच्या ओळखीची. बसवलेला भाग उघडला की सांध्यात दिसणारी लाल धूळ ती हीच. येथे हवा सरळ सरळ शत्रू ठरली.

१०. बारा वर्षांनी नेमके उलटे चित्र समोर आले. १९३९ साली केंब्रिजमध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी धातू निर्वात पोकळीत तापवून त्यांच्यावरील सर्व थर उडवून लावले. निखळ स्वच्छ झालेले धातू एकमेकांवर घासताच घर्षण कित्येक पटींनी वाढले. मग पोकळीत ऑक्सिजनचा अगदी अल्प अंश सोडला आणि घर्षण झपाट्याने उतरले. तेल नव्हते, चरबी नव्हती. वंगणाचे काम हवेने केले होते.

११. याचे कारण असे. हवेत उघडा पडलेला बहुतेक प्रत्येक धातू क्षणार्धात ऑक्साइडचा थर पांघरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांएवढी. तो धातूला धातूपासून दूर ठेवतो. तो फाटला तरी हवा लगेच नवा विणते. थर जितक्या वेगाने फाटतो तितक्याच वेगाने जुळत राहिला, तर यंत्र सौम्यपणे झिजते. फाटण्याचा वेग वाढला की धातू धातूला चिकटतो आणि पृष्ठभाग ओरबाडून निघतो.

१२. ओलाव्याची गोष्टही अशीच दुहेरी. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४३ साली तो कारखाना अमेरिकी हवाई दलासाठी विमाने दुरुस्त करू लागला. त्याच महायुद्धात विमाने पूर्वीपेक्षा कितीतरी उंच उडू लागली आणि त्यांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश अचानक भुकटी होऊन झिजू लागले. जमिनीवर तेच ब्रश दीर्घकाळ टिकत.

१३. अमेरिकी संशोधक सॅव्हेज यांच्या प्रयोगांनी उलगडा झाला. ग्रॅफाइट स्वभावतः निसरडे नसते. त्याच्या थरांना घसरण्यासाठी हवेतील बाष्प लागते. अतिउंचीवरील कोरड्या, विरळ हवेत ते मिळत नाही. गिरणीच्या रोलरचे ओतीव लोखंडही ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांनी भरलेले असते. म्हणजे जो ओलावा लोखंड गंजवतो, तोच त्यातील ग्रॅफाइटला निसरडे करतो.

१४. इंदापूरची कथा येथे संपत नाही. साखर करणारे वालचंदनगर पुढे साखर कारखान्यांची यंत्रे करू लागले आणि नंतर इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचेही. ही कवचे काही घासणारे भाग नव्हेत. पण ती ज्या उपग्रहांना वर नेतात, त्यांच्या बिजागऱ्या आणि दंतचक्रे अशा ठिकाणी फिरतात जिथे फाटलेला ऑक्साइड पुन्हा विणायला हवाच नाही.

१५. तिथे काय होते, हे गॅलिलिओ यानाने दाखवले. १९८९ साली गुरूकडे निघालेल्या या यानाची मोठी अँटेना एप्रिल १९९१ मध्ये छत्रीसारखी उघडायची होती. ती अर्धवट अडकली. सर्वमान्य अंदाज असा : उड्डाणापूर्वी रस्त्याने झालेल्या वाहतुकीत खिळ्यांवरचे कोरडे वंगण घासून गेले आणि निर्वातात उघडे धातू एकमेकांना धरून बसले. उरलेली मोहीम छोट्या अँटेनावर, अतिशय मंद संदेशवहनाने पार पाडावी लागली.

१६. म्हणून अवकाशात बरेचदा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे लेप वापरतात. त्याचा स्वभाव ग्रॅफाइटच्या उलट : निर्वातात उत्तम, दमट हवेत कमकुवत. सर्वत्र चालेल असे एकच वंगण नाही. वंगण निवडायचे, तर आधी हवा विचारावी लागते.

१७. नीराकाठी हे ज्ञान सूत्रांविना नांदत होते. गळीत हंगाम संपला की कारखान्यात रोलर उतरवतात, दंड तपासतात, झिजलेले दात पुन्हा घडवतात आणि पावसाळ्यापूर्वी उघड्या पोलादावर ग्रीस फासतात. हवेला दूर ठेवण्याची ही खटपट. दिवाळीच्या सुमारास गिरणी पुन्हा फिरू लागली, की तीच हवा बेअरिंगच्या फटीत शिरून फाटलेला थर पुन्हा विणू लागते. ऊसपट्ट्याच्या इतिहासात कालवा खोदणाऱ्यांची आणि कारखाने काढणाऱ्यांची नावे आहेत. ग्रीसचा डबा घेऊन त्या फटीवर लक्ष ठेवणाऱ्या फिटरांचेही एक प्रकरण त्यात असायला हवे.