पाच देशांचा बोरा

१६ जून १९९०, रात्रीचे साडेआठ. कोल्हापुरात आमच्या पेठेत ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता, त्यांच्या सोप्यात तालमीच्या फुटबॉल संघातली आम्ही दहा-बारा पोरं दाटीवाटीनं बसलो होतो. ब्राझीलविरुद्ध कोस्टा रिका. कोस्टा रिकाचे शर्ट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. सामना ट्युरिनला होता आणि ते तिथल्या युव्हेंटसचे रंग. ब्राझील जिंकलं, पण एकाच गोलनं. पहिल्यांदाच विश्वचषक खेळणाऱ्या त्या चिमुकल्या देशाचा प्रशिक्षक होता सर्बियाचा वेलिबोर मिलुतिनोविच. सगळं जग त्याला बोरा म्हणतं.

बोराचा जन्म १९४४चा, द्रिना नदीकाठच्या बायिना बाश्ता गावातला. आईवडील लहानपणीच गेले. मिलोश, मिलोराद आणि बोरा हे तिघे भाऊ तांब्याच्या खाणींच्या बोर शहरात नातेवाइकांकडे वाढले आणि तिघेही बेलग्रेडच्या पार्तिझानकडून खेळले. थोरला मिलोश युगोस्लाव्हियाचा मोठा आघाडीवीर. १९५५मध्ये युरोपियन कपचा पहिलावहिला सामना झाला, त्यात त्यानं स्पोर्टिंग लिस्बनवर दोन गोल केले. बोरा मधल्या फळीतला. भावाएवढं नाव त्याला खेळाडू म्हणून मिळालं नाही. मोनॅको, नीस, रुआँ असं फ्रान्समध्ये खेळून १९७२मध्ये तो मेक्सिकोतल्या विद्यापीठाच्या पूमास संघात गेला. तिथंच १९७७मध्ये बूट काढले आणि त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. मेक्सिकोचा नामवंत आघाडीवीर उगो सांचेझ त्याच्याच हाताखाली खेळला.

१९८६मध्ये त्यानं यजमान मेक्सिकोला उपांत्यपूर्व फेरीत नेलं. तिथं पश्चिम जर्मनीनं पेनल्टींवर हरवलं. पण माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं काम कोस्टा रिकाचंच. संघ हाती आला तेव्हा स्पर्धा तोंडावर आलेली. नावाजलेल्या जुन्या खेळाडूंना त्यानं वगळलं. ते धाडस किती मोठं, हे संघनिवडीच्या दिवशी तालमीच्या दारात उभं राहिलेल्यालाच कळेल! जेनोआत कायास्सोच्या गोलवर स्कॉटलंड हरलं, मग स्वीडन २-१. गोलरक्षक कोनेहो दुखापतीमुळे बाहेर बसला आणि बाद फेरीत चेकोस्लोव्हाकियानं ४-१नं धुतलं. तरी तो संघ मान वर करून घरी गेला.

पुढं अमेरिका. तिथं देशपातळीवर व्यावसायिक लीगच नव्हती. म्हणून कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहो इथं खेळाडूंना करारावर ठेवून वर्षभर सराव दिला गेला. १९९४मध्ये त्या संघानं कोलंबियाला २-१ हरवलं आणि बाद फेरीत ब्राझीलला एका गोलवर रोखलं. ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी! १९९८मध्ये बोराच्या नायजेरियानं स्पेनला ३-२ हरवून गट जिंकला, पण पुढच्या फेरीत डेन्मार्ककडून ४-१ मार खाल्ला.

अनेक जण त्याला भाडोत्री म्हणतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या देशात जायचं, तिथल्या पोरांत जे आहे तेवढ्यावरच संघ उभा करायचा आणि काम झालं की निघायचं, हा जुना, कष्टाचा धंदा आहे. युगोस्लाव्हियाच्या कितीतरी प्रशिक्षकांनी तो केला. पाच देशांना विश्वचषकात नेणारा कार्लोस अल्बर्टो पारेराही आहे, पण लागोपाठ पाच स्पर्धांत पाच वेगळे देश फक्त बोराचे, आणि त्यातले पहिले चार साखळीपार गेले.

पाचवा चीन. ७ ऑक्टोबर २००१ला शेनयांगमध्ये ओमानवर १-० विजय मिळवून चीन पहिल्यांदा पात्र ठरला. पुढच्या वर्षी कोस्टा रिका, ब्राझील आणि तुर्कस्ताननं त्याला हरवलं. चीनला एकही गोल करता आला नाही आणि लोकांनी त्याचा दोष बोराला दिला. त्यानंतर आजवर चीनचा पुरुष संघ विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही.