एकाच बाराची बंदूक

कोकणात आजही काही शेतकऱ्यांच्या घरात ठासणीची बंदूक दिसते. नळीत दारू ठासायची, वर छरे आणि एकच बार. पुन्हा भरेपर्यंत रानडुक्कर पसार, नाहीतर जखमी होऊन अंगावर! पावसात दारू सादळली की तोही बार नाही.

मग ही बंदूक टिकली कशी? एक तर यंत्र साधं, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दुसरं कारण कायदा. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्याराला परवान्यात बांधलं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पीकरक्षणासाठी ठासणीचीच बंदूक धरली. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर बंदुकीचा परवाना असूनही डुक्कर परस्पर मारता येत नाही. उरला फक्त आवाज. जनावरं हुसकायला तो कामी येतो.

पण निवडणूक आली की बंदुका बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, ऐन भातकापणीत. मतदान २० नोव्हेंबरला. सुव्यवस्था हवीच, पण तेवढे दिवस शेत राखायचं कुणी, हेही सरकारने सांगावं की!