फुकटच्या कोडचा पगार

ओपन सोर्स सॉफ्टवेअर हौशी मंडळींनी रात्री जागून लिहिलं, ही समजूत अर्धीच खरी आहे. 1989 साली जॉन गिलमोर, मायकेल टीमन आणि डेव्हिड हेंकेल-वॉलेस यांनी कॅलिफोर्नियात सिग्नस ही कंपनी काढली, ती फुकट मिळणाऱ्या जीएनयू सॉफ्टवेअरची देखभाल पैसे घेऊन करण्यासाठीच. आपल्या नव्या चिपवर जीएनयूचा कंपायलर चालावा म्हणून चिप बनवणाऱ्या कंपन्या तिला पैसे मोजत. आयबीएमने तर 2001 या एका वर्षात लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर शंभर कोटी डॉलर खर्च करायचं जाहीर केलं. त्यात दानधर्म नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम फुकट झाली की गिऱ्हाइकाचा पैसा सर्व्हरकडे आणि सेवांकडे वळतो, असा तो रोखठोक हिशेब होता. मला त्यात काही गैर दिसत नाही. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, बहुतेक कोड आज पगारी अभियंतेच लिहितात, आणि त्याचा भक्कमपणा त्यातून आला आहे.

मात्र असा पैसा धंदा दिसतो तिथेच पोचतो. असंख्य वेबसाइटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. संदेश पाठवणारा त्याची जी लांबी सांगेल ती सर्व्हर न पडताळता खरी मानी. चार अक्षरं पाठवून 64 केबी परत मागितले, की मेमरीत पडलेले पासवर्डसुद्धा बाहेर येत. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. या प्रकल्पावर पूर्णवेळ माणूस एक, आणि वर्षाच्या देणग्या सुमारे 2,000 डॉलर! गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट यांनी लिनक्स फाउंडेशनच्या निधीत पैसे घातले ते त्यानंतर.

पैशामागून कंपनीची हुकमत येते, हा आक्षेप खोटा नाही. पण 2010 मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतल्यावर तिचं ओपनऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर ओरॅकलकडे गेलं, तेव्हा त्याच वर्षी बाहेर पडलेल्यांनी लिब्रेऑफिस उभं केलं. मूळ कोड घेऊन वेगळं होण्याचा हक्क परवान्याने दिला होता. तो बजावता आला, कारण नोवेल, रेड हॅट अशा इतर कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर सोबत होते. एका कंपनीच्या हुकमतीवर उतारा अनेक कंपन्यांचे पगार हाच आहे, आणि ते देखभालीपर्यंत पोचायला हवेत. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी एकच थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता. त्याचा विश्वास मिळवून कुणीतरी तिच्यात चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये तो सापडला तो मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या डेटाबेसचं काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना.