पदवीपूर्वीची चित्रविद्या

१/ शिरगाव-बदलापूरचा एखादा पदवीधर चित्रपट शिकण्यासाठी बोरघाट चढून पुण्यास जातो. तेथील फिल्म इन्स्टिट्यूट ज्या वास्तूत उभी आहे, ती उभारणारे मात्र कोणत्याही चित्रपटविद्यालयात शिकलेले नव्हते.

२/ १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी ‘प्रभात’ स्थापन केली. यांपैकी पहिल्या चौघांनी ही विद्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत प्रत्यक्ष राबून मिळवली होती.

३/ १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. १९५३ च्या सुमारास कंपनी बंद पडली आणि उमेदवारीची ती परंपराही तेथे खुंटली.

४/ स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ साली चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली होती. १९६० मध्ये केंद्र सरकारने प्रभातच्याच आवारात ती सुरू केली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून येथे आले.

५/ या बदलाने काय साधले? पूर्वी उस्तादाची मर्जी लागे. आता प्रवेशपरीक्षा आहे, म्हणून ओळखपाळख नसलेल्यालाही दार उघडते. परंतु पदव्युत्तर अभ्यासक्रमास पदवी लागते. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात आणि चित्रपटगृहात काम केलेल्या, महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या शांतारामांना आज त्याच आवारात त्या अभ्यासक्रमाचा अर्जही भरता आला नसता.